ऑफिसचे फिरते लॅपटॉप विंडोज ११ वर नेताना: क्रम, कागद आणि खड्डे

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशिनं त्यानंतरही सुरू होतात, मेल उघडतात, प्रिंट काढतात. म्हणून ‘चालतंय ना, मग कशाला?’ म्हणत काम पुढे ढकललं जातं. ऑफिसच्या फायरवॉलमागे बसलेल्या डेस्कटॉपबाबत ही चालढकल काही दिवस खपते. पण जो लॅपटॉप आज घरच्या वायफायवर, उद्या विमानतळावर आणि परवा ग्राहकाच्या नेटवर्कवर लागतो, त्याला सुरक्षा पॅच न मिळणं ही वेगळीच गोष्ट आहे.

वीस ते दोनशे मशिनं असलेल्या ऑफिसात ज्याच्या गळ्यात हे काम पहिल्यांदाच पडलं आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. तुमच्याकडे जुनं डोमेन (ऑफिसच्या सर्व्हरवरून लॉगिन आणि मशिनं सांभाळण्याची पद्धत) असो, इंट्यून (मशिनं क्लाउडवरून सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) असो किंवा दोन्हींची खिचडी, क्रम तोच राहतो. प्रत्येक पायरीवर स्वतःला एक प्रश्न विचारा: हे मशीन आत्ता माझ्यापासून पाचशे किलोमीटरवर असतं आणि ही पायरी फसली असती, तर मी काय केलं असतं? उत्तर ‘लॅपटॉप कुरिअरने मागवला असता’ असं येत असेल, तर त्या पायरीची तयारी अजून झालेली नाही.

हाताशी काय हवं

- सगळ्या मशिनांची यादी. कशी करायची ते पुढे आहे.
- विंडोज ११ ची अधिकृत आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलची पूर्ण प्रत. भाषा आणि एडिशन (होम, प्रो वगैरे) मशीनवर आहे तेच हवं.
- १६ जीबीचे दोन-तीन पेनड्राइव्ह.
- प्रत्येक मॉडेलसाठी उत्पादकाच्या साइटवरून उतरवलेलं ताजं बायोस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर), तसंच वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर.
- बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनच्या रिकव्हरी की जिथे साठतात तिथे पोचण्याचे अधिकार. तुमच्याकडे आणि आणखी एका व्यक्तीकडे.
- लायसन्सचे कागद. होम एडिशनची मशिनं असतील तर प्रोचं लायसन्स.
- दोन तयार, अद्ययावत सुटे लॅपटॉप.
- प्रत्येक वापरकर्त्याचा मोबाइल नंबर, लॅपटॉपबाहेर लिहिलेला. मशीन अडकलं की त्याचा मेल आणि चॅट दोन्ही गेलेले असतात, हे ऐनवेळी आठवतं.
- विभागप्रमुखांनी मान्य केलेलं वेळापत्रक. तोंडी नको. महिनाअखेरीला हिशेब विभागाची मशिनं हातात घेऊ नयेत, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

१. यादी करा, आणि यादीत हे रकाने ठेवा

सिरीयल नंबर, मॉडेल, कोण वापरतं, मशीन बहुतेक वेळ कुठे असतं, विंडोजची आवृत्ती आणि एडिशन, प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि तिच्यावरची मोकळी जागा, टीपीएमची (किल्ल्या सांभाळणारा मशीनमधला सुरक्षा भाग) आवृत्ती, बायोस मोड, एन्क्रिप्शन चालू की बंद, आणि मशीन नेटवर्कवर शेवटचं कधी दिसलं.

शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. दोन महिने न दिसलेली मशिनंच पुढे डोकेदुखी होतात. एखादं कपाटात पडलेलं असतं, एखादं नोकरी सोडून गेलेल्याकडे, एखादं कुणाच्या घरी मुलांच्या अभ्यासाला. ती आधी शोधा.

एडिशनचा रकानाही भरा. घाईत दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर होम असतं. होमला डोमेन जोडता येत नाही, ग्रुप पॉलिसी (डोमेनवरून सगळ्या मशिनांना लावायचे नियम) लागत नाही आणि बिटलॉकरचं पूर्ण नियंत्रण मिळत नाही. होमवरून प्रोवर जायला विंडोज नव्याने टाकावं लागत नाही. लायसन्स की भरली की पुरतं. तसंच एखादं मशीन ३२ बिट विंडोजवर असेल तर वेगळी खूण करा. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, त्यामुळे तिथे आहे त्यावर अपग्रेड होणार नाही, कोरं इन्स्टॉलच करावं लागेल.

२. तीन ढीग करा

विंडोज ११ ची किमान अट अशी: टीपीएम २.०, सिक्युअर बूट (फक्त विश्वासातलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालवू शकणारं यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि मान्य यादीतला प्रोसेसर. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे, एएमडीत रायझन २००० मालिकेपासून पुढचे. पण नेमकं मॉडेल मायक्रोसॉफ्टच्या यादीत ताडून पाहा. ४ जीबी रॅम कागदावर पुरते, कामाला पुरत नाही. ब्राउझर आणि व्हिडिओ मीटिंग एकत्र चालवणाऱ्यासाठी ८ ही खालची मर्यादा धरा. नवीन मशीन घेणार असाल तर १६ घ्या. एखाद-दुसरं मशीन तपासायला पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं छोटं अ‍ॅप पुरतं. पन्नास मशिनांसाठी मात्र व्यवस्थापनाच्या साधनातून अहवाल काढा.

पहिला ढीग: सरळ चालणारी मशिनं.

दुसरा ढीग: एखादी सेटिंग बदलली की चालणारी. हा ढीग वाटतो त्याहून मोठा निघतो. ‘टीपीएम नाही’ असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा तो असतो, पण बायोसमध्ये बंद असतो. इंटेलच्या मशीनवर ही सेटिंग पीटीटी नावाने सापडते, एएमडीवर एफटीपीएम नावाने.

‘बायोस मोड: लेगसी’ असं दिसलं तर जरा सांभाळून. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते, ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोजमध्येच आहे आणि ते डेटा न पुसता काम करतं. क्रम असा: बॅकअप, मग बिटलॉकर सस्पेंड, मग त्याच साधनाचा ‘व्हॅलिडेट’, तो पास झाला तर ‘कन्व्हर्ट’, मग बायोसमध्ये यूईएफआय, एकदा विंडोज सुरू होतंय याची खात्री, आणि शेवटी सिक्युअर बूट. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा लॉजिकल पार्टिशन असेल तर व्हॅलिडेटच अडतं. जुनं ‘डी ड्राइव्ह’ बहुधा याला कारण असतं. घाईत अनेक जण आधी बायोसमध्ये यूईएफआय करून टाकतात आणि मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणतं. घाबरू नका, डेटा गेलेला नाही. सेटिंग परत लेगसीवर न्या आणि क्रमाने सुरू करा.

हे काम फोनवरून सांगून करून घेऊ नका. बायोसच्या पडद्यावर रिमोट सपोर्ट चालत नाही आणि समोरच्याला तिथलं काहीच ओळखीचं नसतं. दुसऱ्या ढिगातली मशिनं ऑफिसातच मागवा आणि बदल्यात सुटा लॅपटॉप द्या.

तिसरा ढीग: प्रोसेसरच जुना. रजिस्ट्रीत बदल करून तपासणी टाळायची युक्ती सगळीकडे सापडते. ऑफिसच्या मशीनवर ती वापरू नका. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तेच हातातून जातं. शिवाय २४एच२ (विंडोज ११ ची २०२४ च्या उत्तरार्धातली आवृत्ती) पासून फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही, कारण त्यात नसलेल्या सूचना तिथे सक्तीच्या झाल्या आहेत. या ढिगासाठी दोन रास्त मार्ग आहेत: मशीन बदलणं, किंवा बदलेपर्यंत मुदतवाढीचे पैसे भरून सुरक्षा अपडेट घेणं. ही मुदतवाढ संस्थांना जास्तीत जास्त तीन वर्षं मिळते, दर वर्षी दर दुप्पट होतो, आणि दुसऱ्या वर्षी सामील झालात तर पहिल्या वर्षाचेही पैसे द्यावे लागतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. हा पूल आहे, त्यावर घर बांधू नका. आणि पैसे भरलेली मशिनंसुद्धा शक्यतो ऑफिसबाहेर फिरवू नका.

३. रिकव्हरी की हातात आल्याशिवाय कशालाही हात लावू नका

अपग्रेडमध्ये विंडोज बिघडल्यामुळे जेवढी कामं अडतात, त्याहून जास्त निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितल्यामुळे अडतात. बिटलॉकर डिस्कची किल्ली टीपीएमकडे ठेवतो, आणि मशीन ओळखीच्या अवस्थेत सुरू झालं तरच टीपीएम ती देतो. बायोस बदललं, सिक्युअर बूट चालू केलं, टीपीएम साफ केला किंवा एका टीपीएमवरून दुसऱ्यावर गेलात, की अवस्था बदलते आणि मशीन की मागतं. ती नसेल तर डेटा संपला. कुणाकडेही मागचं दार नसतं.

म्हणून:

- प्रत्येक मशीनची की एंट्रा (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची खात्यांची नोंद) किंवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनची तशीच नोंद) आहे का, ते नावानिशी तपासा. इथला नेहमीचा सापळा असा: ‘की डिरेक्टरीत साठवा’ ही पॉलिसी लागू होण्याआधीच जी मशिनं एन्क्रिप्ट झाली, त्यांची की आपोआप वर जात नाही. तिथे ती कमांड देऊन चढवावी लागते.
- दोन-तीन मशिनांवर ताडून पाहा. रिकव्हरीच्या पडद्यावर की-आयडीचे पहिले आठ अक्षरांक दिसतात. ते तुमच्या नोंदीतल्या आयडीशी जुळले पाहिजेत. मशीन कधी पुन्हा फॉरमॅट झालं असेल तर नोंदीत जुनीच की पडून राहिलेली असते.
- बायोस अपडेटआधी बिटलॉकर सस्पेंड करा. विंडोजचा स्वतःचा अपग्रेड हे आपोआप करतो. बायोस अपडेट करणारं साधन ते करेलच, असं धरून चालू नका.
- सस्पेंड करताना किती रीस्टार्टनंतर संरक्षण परत चालू व्हावं, तो आकडा द्या. शून्य दिलंत तर तुम्ही हाताने सुरू करेपर्यंत ते बंदच राहतं, आणि डिस्कची किल्ली डिस्कवर उघडी पडून असते. अशा मशीनच्या स्थितीत ‘१०० टक्के एन्क्रिप्टेड’ दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. खालची ओळ वाचा: ‘प्रोटेक्शन ऑफ’.

४. बॅकअप, आणि विसरलेले पासवर्ड

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हसारख्या ठिकाणी वळवा आणि सिंक पूर्ण झालंय हे डोळ्यांनी पाहा. ‘सिंक चालू आहे’ आणि ‘सिंक पूर्ण’ यांत फरक आहे. यातून सुटणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: आउटलुकच्या पीएसटी फाइली (मशीनवर साठवलेले मेल), सी ड्राइव्हच्या मुळाशी बनवलेले फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि डिजिटल सहीचे ड्रायव्हर.

दुसरी गोष्ट कुणी यादीत लिहीत नाही. वर्षभर पिन किंवा बोट वापरणाऱ्याला पासवर्ड आठवत नसतो. पिन त्या मशीनच्या टीपीएमशी बांधलेला असतो. टीपीएम साफ झाला की पिन गेला आणि पासवर्ड मागितला जातो. अपग्रेडच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एकदा पासवर्डने लॉगिन करायला सांगा.

५. बायोस आणि ड्रायव्हर

अपग्रेडच्या आधी, नंतर नव्हे. एक ताजं कारणही आहे: सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची येतात. जुन्या बायोसवर अडकलेल्या मशिनांना या बदलात त्रास होऊ शकतो. लॅपटॉप चार्जरला लावूनच बायोस अपडेट करा आणि वापरकर्त्याला झाकण बंद न करण्याबद्दल बजावा.

६. काय मोडणार ते आधीच शोधा

विंडोज ११ मध्ये, विशेषतः २४एच२ पासून, सुरक्षेच्या काही गोष्टी आपोआप कडक झाल्या आहेत. त्या चांगल्याच आहेत. पण माहीत नसतील तर सोमवारी सकाळी सगळे फोन तुमच्याकडे येतात.

जुना शेअर उघडत नाही. २४एच२ पासून प्रो आणि एंटरप्रायझवर एसएमबी साइनिंग (शेअर केलेल्या फोल्डरशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर सही) सक्तीचं आहे आणि पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश बंद आहे. कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी), ज्यावर ‘सगळ्यांना उघडा’ असा फोल्डर आहे, तो दिसायचा थांबतो. नॅसचं फर्मवेअर अपडेट करून साइनिंग चालू करा आणि खरं यूजरनेम-पासवर्ड द्या. लॅपटॉपवरची सक्ती काढणं हा उपाय नव्हे. फिरत्या मशीनवर तर मुळीच नाही.

स्कॅन फोल्डरमध्ये येत नाही. हे त्याचंच भावंड. झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर असं तिन्ही करणारं जुनं यंत्र एखाद्या पीसीच्या शेअरमध्ये फाइल टाकत असेल आणि त्याला साइनिंग येत नसेल, तर तो पीसी अपग्रेड झाल्यावर स्कॅन अडतो. दोष प्रिंटरला दिला जातो आणि दोन दिवस केबली बदलण्यात जातात. यंत्राचं फर्मवेअर पाहा; नाहीतर स्कॅन मेलवर पाठवा.

वायफाय किंवा व्हीपीएन दर वेळी पासवर्ड मागतं. विंडोज ११ च्या २२एच२ पासून एंटरप्रायझ आणि एज्युकेशन एडिशनच्या पात्र मशिनांवर क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची गुपितं वेगळी जपणारी सोय) आपोआप चालू होतो. तो एमएस-चॅप-व्ही२ या पासवर्डच्या जुन्या पद्धतीवर चालणारं आपोआप लॉगिन अडवतो. ऑफिसचं वायफाय किंवा व्हीपीएन या पद्धतीवर असेल तर आत्ताच प्रमाणपत्रावर आधारित ईएपी-टीएलएसकडे वळा. हे महिनाभराचं काम आहे, अपग्रेडच्या आठवड्यात सुरू करू नका.

जुनी स्क्रिप्ट चालत नाही. डब्ल्यूएमआयसी ही कमांड नव्या आवृत्त्यांतून काढली जात आहे; जुन्या लॉगिन स्क्रिप्टमध्ये ती हटकून सापडते. एनटीएलएमव्ही१ ही लॉगिनची जुनी पद्धत गेली. इंटरनेट एक्सप्लोरर नाही. त्याच्यासाठीच बनलेली पोर्टलं एजच्या आयई मोडमध्ये चालतात, पण त्या साइट यादीत घालाव्या लागतात.

डिस्क एन्क्रिप्शन दुसऱ्या कंपनीचं असेल, तर थांबा. सेटअपला त्याचे ड्रायव्हर वेगळे दाखवावे लागतात, नाहीतर मध्येच डिस्कच सापडत नाही. त्या उत्पादनाची सूचना वाचूनच पुढे जा, किंवा आधी डिक्रिप्ट करून बिटलॉकरवर या. त्रयस्थ अँटिव्हायरसही आधी अद्ययावत करा.

७. पाच मशिनांवर करून पाहा

सेटअपला ‘फक्त तपास, इन्स्टॉल नको’ असं सांगणारा कॉम्पॅट-स्कॅनओन्ली नावाचा स्विच आहे. तो आधी सगळीकडे चालवा. ०एक्ससी१९००२१० हा कोड आला तर अडचण नाही. शेवटी २०८ आला तर एखादं सॉफ्टवेअर आड येतंय, २०० आला तर मशीनच अटीत बसत नाही, २०४ आला तर भाषा किंवा एडिशन जुळत नाही. शेवटचा कोड फार जणांना चकवतो: मशीनवर ब्रिटिश इंग्रजी आणि आयएसओ अमेरिकन इंग्रजीची, एवढ्यानेही ‘फाइली आणि अ‍ॅप ठेवा’ हा पर्याय करडा पडतो.

मग पाच मशिनं निवडा. पाचही आयटीचीच घेऊ नका. एक हिशेबाचं, एक सतत प्रवासात असणाऱ्याचं, एक सगळ्यात जुन्या मॉडेलचं, एक सगळ्यात तक्रारखोर माणसाचं. शेवटचा निकष गमतीत लिहिलेला नाही. असा माणूस पहिल्या तासात जे सापडवतो ते इतरांना महिन्याने दिसतं. दोन आठवडे जाऊ द्या. त्या काळात महिन्याचे नियमित पॅचही येऊन जावेत. मग दहा टक्के, मग निम्मे, मग उरलेले. एका वेळी एका विभागातले सगळे कधीच नाही.

सरळ २५एच२ वर जा. २४एच२ प्रोचा आधार ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतो. प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने मिळतात, एंटरप्रायझला ३६. हे गणित मांडूनच वेळापत्रक करा.

८. दूरच्या लॅपटॉपचं अपग्रेड

आहे त्यावरच अपग्रेड करा. कोरं इन्स्टॉल स्वच्छ वाटतं, पण डोमेनला जोडलेला लॅपटॉप कोरा केला की पहिल्या लॉगिनला डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा ऑफिसचा सर्व्हर) दिसावा लागतो. घरी बसलेल्याला तो दिसत नाही, आणि व्हीपीएन लॉगिननंतर सुरू होतं. विहिरीत पडलेली दोरी काढायला दोरीच हवी, तशातली गत. आहे त्यावरच्या अपग्रेडमध्ये साठवलेलं लॉगिन टिकतं. एंट्राला थेट जोडलेल्या मशीनला ही अडचण येत नाही, त्यामुळे नवी मशिनं तशीच जोडणं बरं.

डाउनलोड अनेक जीबीचं असतं. पन्नास लॅपटॉपांनी ते व्हीपीएनमधून ओढलं तर ऑफिसची लाइन बसते. अपडेटची रहदारी स्प्लिट टनेलने थेट इंटरनेटवर जाऊ द्या. ऑफिसात डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू असेल तर मशिनं एकमेकांकडून तुकडे घेतात. मोबाइल डेटावर काम करणाऱ्याचं कनेक्शन ‘मीटर्ड’ असतं. तिथे अपग्रेड सुरूच होत नाही आणि अहवालात मशीन नुसतं ‘प्रलंबित’ दिसत राहतं. अशांना पेनड्राइव्ह पाठवा.

वापरकर्त्याला पाठवायचा संदेश पाच ओळींचा ठेवा: चार्जर लावा. सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी मोकळे ठेवा. संध्याकाळी सुरू करा, दीड-दोन तास धरा. मशीन अनेकदा रीस्टार्ट होईल, बटण दाबून बंद करू नका. की मागणारा निळा पडदा आला तर या नंबरवर फोन करा. आणि फोन आला की आधी माणूस ओळखीचा आहे का ते तुमच्या नोंदीतल्या नंबरवर उलट फोन करून पाहा, मगच की सांगा.

९. अपग्रेड झालं, आता कडी-कोयंडा

पुष्कळ जण इथे हुश्श म्हणून थांबतात. पण मशीन बाहेर पाठवण्याजोगं होतं ते या पायरीनंतर.

एन्क्रिप्शनची स्थिती प्रत्येक मशीनवर पुन्हा पाहा, ‘प्रोटेक्शन ऑन’ आहे ना. झाकण बंद केल्यावर मशीन नुसतं झोपत असेल तर किल्ली मेमरीत राहते. बॅगेत जाणाऱ्या लॅपटॉपला ठरावीक वेळाने हायबरनेट होऊ द्या. ज्यांच्याकडे खरोखर संवेदनशील डेटा आहे त्यांना सुरू होतानाचा पिनही लावा. सगळ्यांना लावू नका, कारण पिन विसरण्याचे फोन तुम्हालाच घ्यायचे आहेत, आणि रात्रीचे आपोआप अपडेट त्या पिनपाशी अडतात.

रोजच्या कामाचं खातं अ‍ॅडमिन नको. स्थानिक अ‍ॅडमिनचा पासवर्ड प्रत्येक मशीनवर वेगळा आणि आपोआप बदलणारा हवा. विंडोज लॅप्स हे साधन एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. सगळीकडे एकच पासवर्ड असेल तर एक लॅपटॉप फुटला म्हणजे सगळे फुटले.

लॉगिनला विंडोज हॅलो आणि क्लाउडच्या सेवांना दुसरा पडताळा. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये नुसतं ‘मंजूर’ दाबायला लावू नका, पडद्यावरचा आकडा भरायला लावा. रात्री दोनला येणाऱ्या विनंत्या वैतागून मंजूर करणारे असतात. प्रत्येकाचे दोन मार्ग नोंदवा, म्हणजे लॅपटॉप आणि फोन एकाच बॅगेत गेले तरी माणूस परत कामाला लागेल.

रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. पोर्टचा आकडा बदलून लपवणंही नको. व्हीपीएन, तेही दुसऱ्या पडताळ्यासह. अनोळखी नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणूनच नोंदलं जावं आणि फायरवॉल बंद करण्याचा अधिकार वापरकर्त्याला नसावा.

१०. अडकलं तर

०एक्ससी१९००१०१ या कोडने सुरू होणारी चूक बहुधा ड्रायव्हरची असते: डॉक, जादा मॉनिटर, यूएसबीची उपकरणं काढा, ग्राफिक्स आणि स्टोरेजचे ड्रायव्हर बदला, पुन्हा चालवा. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा कमी. ‘सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ म्हणजे सी ड्राइव्हवर कितीही जागा असली तरी छोटं बूट पार्टिशन भरलंय. बऱ्याचदा त्यातल्या फॉन्ट फाइली काढल्या की भागतं. नेमकं कारण हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग चालवा, ते लॉग वाचून एका ओळीत सांगतं.

परत विंडोज १० वर जायची सोय फक्त दहा दिवस असते. अपग्रेड होताच डिझम या विंडोजमधल्याच साधनाच्या कमांडने ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. दहा दिवस उलटून गेल्यावर नाही. आणि ‘जागा मोकळी करा’ म्हणत कुणी विंडोज-ओल्ड फोल्डर उडवलं, की ही सोय तेव्हाच संपली.

११. हरवलेल्या लॅपटॉपचा एक कागद

तो आजच लिहा, लॅपटॉप हरवल्यावर नव्हे. वापरकर्त्याने कोणाला, किती वेळात कळवायचं. तुम्ही कोणत्या क्रमाने काय करायचं: खात्याची सगळी चालू सत्रं तोडणं, पासवर्ड बदलणं, मशीनचं प्रमाणपत्र रद्द करून व्हीपीएन बंद करणं, रिमोट वाइपचा (दुरून मशीन पुसण्याचा) आदेश देणं, आणि शेवटच्या नोंदीत एन्क्रिप्शन चालू होतं याचा पुरावा जपून ठेवणं. वाइप मुद्दाम इतका मागे लिहिलाय, कारण चोरलेलं मशीन इंटरनेटला लागेलच असं नाही. सत्रं मात्र तुम्ही तुमच्या खुर्चीतून तोडू शकता. एका सुट्या लॅपटॉपवर हा कागद एकदा शेवटपर्यंत चालवून पाहा आणि किती मिनिटं लागली तो आकडा कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा.